शकांचं नाणं कसं वाचायचं: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

पहिलं शक नाणं हातात आलं त्या संध्याकाळी मी तासभर खरोष्ठी अक्षरं डावीकडून उजवीकडे लावत बसले होते. सवयच तशी. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विक्रेत्यानं पाकिटावर ‘इंडो-ग्रीक, घोडेस्वार’ एवढंच लिहून दिलं होतं, आणि तेही चुकीचं होतं. नाणं अझेस राजाचं होतं, म्हणजे शकांचं. इंग्रजी पुस्तकांत यांना इंडो-सिथियन म्हणतात. हे मला कळायला दोन महिने लागले. तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हा लेख.

माझं पहिलं सांगणं एकच आहे: नाणं विकत घेण्याआधी वाचायला शिका. हे वाटतं तितकं अवघड नाही, कारण शकांच्या नाण्याच्या एका बाजूला ग्रीक मजकूर असतो आणि दुसऱ्या बाजूला बहुधा तोच मजकूर प्राकृत भाषेत, खरोष्ठी लिपीत असतो. एक बाजू वाचता आली की ती दुसरी बाजू शिकवते. १८३०च्या दशकात कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपनं आणि त्याच्या समकालीन अभ्यासकांनी विसरलेली खरोष्ठी उलगडली ती अशाच दुभाषी नाण्यांच्या आधारानं. आपणही त्याच वाटेनं जायचं आहे.

आधी जमवायचं सामान

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनार वापरतात ते चालतं.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा.
- व्यास मोजायला कॅलिपर.
- मान वळवता येईल असा टेबललॅम्प. झिजलेली अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत, बाजूनं तिरपा उजेड टाकला की सावलीनं उठून दिसतात.
- ग्रीक मोठ्या अक्षरांचा आणि खरोष्ठी अक्षरांचा एकेक तक्ता, छापून भिंतीवर लावलेला.
- टेबलावर अंथरायला जाड मऊ कापड. नाणं पडतं, आणि जुनी चांदी ठिसूळ झालेली असते.
- एक वही.

संगणकावर ब्रिटिश म्युझियमचा ऑनलाइन संग्रह उघडा. खऱ्या नाण्यांचे चांगले फोटो तिथे फुकट बघायला मिळतात. निदान पन्नास अझेस डोळ्यांखालून गेल्याशिवाय पाकिटाला हात घालू नका.

पायरी १: कोण, कुठे, कधी

इथे फार रेंगाळायला नको, पण सांगाडा डोक्यात हवा. शक ही मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातली घोडेस्वार माणसं. युएझी टोळ्यांच्या रेट्यानं ती दक्षिणेला सरकली. आजच्या इराण-अफगाणिस्तान सीमेवरच्या सिस्तानला शकस्थान हे नाव त्यांच्यावरून पडलं. तिथून ती सिंधूच्या खोऱ्यात आणि गंधारात, म्हणजे आजच्या पेशावरच्या परिसरात, उतरली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात माउएस हा शक राजा तक्षशिलेत राज्य करत होता. तक्षशिलेच्या ताम्रपटात त्याचं नाव ‘मोग’ असं येतं. त्यानंतर अझेस, अझिलिसेस, आणि अफगाणिस्तानच्या बाजूला वोनोनेस व त्याचे नातलग. राजांच्या हाताखाली किंवा स्वतंत्रपणे क्षत्रप, म्हणजे प्रांताचे अधिकारी: मथुरेत राजुवुल आणि शोडास, तक्षशिलेच्या परिसरात जिहोणिक. आणखी दक्षिणेला, गुजरात, माळवा आणि आपल्या नाशिकपर्यंत, पश्चिमी क्षत्रप. ते ७व्या पायरीत येतील.

जुन्या पुस्तकांत ‘पहिला अझेस’ आणि ‘दुसरा अझेस’ असे दोन राजे आढळतील. हे दोन नसून एकच राजा आहे असं आता बरेच अभ्यासक मानतात. पाकिटावर ‘अझेस दुसरा’ लिहिलेलं दिसलं तर ती जुनी विभागणी समजा आणि पुढे चला.

पायरी २: वजन, माप, कड

अक्षरांकडे बघण्याआधी नाणं काट्यावर ठेवा. इंडो-ग्रीक, म्हणजे शकांआधी इथे राज्य करणाऱ्या ग्रीक राजांनी भारतीय प्रदेशासाठी ग्रीक वजन सोडून हलकं प्रमाण घेतलं होतं, आणि शकांनी तेच पुढे चालवलं. त्यामुळे चांदीचं मोठं नाणं (टेट्राड्राख्म) साधारण साडेनऊ ग्रॅमच्या आसपास आणि छोटं (ड्राख्म) साधारण २.४ ग्रॅमच्या आसपास भरतं. कुणी सोळा-सतरा ग्रॅमचा ‘चांदीचा अझेस’ दाखवला तर तिथेच थांबा. ते ग्रीक वजन आहे, शकांचं नाही.

चांदीचा कस उत्तरोत्तर घसरत गेला. अखेरच्या अझेस नाण्यांत आणि क्षत्रपांच्या नाण्यांत तांबं इतकं आहे की ती करडी किंवा तपकिरी दिसतात. रंगावरून नाण्याला खोटं ठरवू नका. तांब्याची नाणी गोल आणि चौकोनी अशी दोन्ही मिळतात. चौकोनी नाणं ही इथल्या मातीतली रीत, आहत, म्हणजे सुटे ठसे मारलेल्या जुन्या नाण्यांपासून चालत आलेली. ग्रीक राजांनी ती उचलली आणि शकांनी ठेवली. चौकोनी तांब्याच्या तुकड्यावर ग्रीक अक्षरं आणि उंटावर बसलेला शक राजा: असं अझेसचं नाणं मी एका प्रदर्शनात पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा काचेसमोरून हलायला मन होईना.

पायरी ३: ग्रीक बाजू

ज्या बाजूला घोडेस्वार असतो ती बहुधा ग्रीक बाजू. मजकूर कडेकडेनं गोल फिरतो आणि राजाचं नाव खाली, घोड्याच्या पायांखाली येतं. नेहमीचा मजकूर असा: बासिलेओस बासिलेओन मेगालू अझू. अर्थ: ‘राजांच्या राजाचं, थोर अझेसचं’. सगळे शब्द षष्ठीत आहेत, ‘हे नाणं अमक्याचं’ अशा अर्थानं. म्हणून नावाचं रूप अझेस नसून ‘अझू’ असं दिसतं. नवखा माणूस तक्त्यात ‘अझेस’ शोधत राहतो आणि त्याला तो सापडत नाही. मीही शोधला होता.

आधी खालचं नाव वाचा. वरचा मजकूर अनेक राजांच्या नाण्यांवर सारखाच असतो. नाव चार अक्षरांचं असेल तर बहुतेक अझेस. आठ अक्षरांचं लांबलचक असेल तर अझिलिसेस. दोन सापळे:

ग्रीक ‘ओ’ हे अक्षर नेहमी गोल नसतं. शकांच्या बऱ्याच नाण्यांवर ते चौकोनी कोरलेलं असतं, आणि ‘एस’ही चौकोनी कंसासारखा दिसतो. तक्त्यातल्या अक्षराशी जुळत नाही म्हणून चूक समजू नका.

घोडेस्वार दिसला की शक, असं धरू नका. शकांच्या मागून आलेल्या गोंडोफरेस या पार्थियन राजाच्या नाण्यांवरही घोडेस्वार आहे, पण तिथे त्याचं गोल डोक्याचं ठरावीक राजचिन्ह असतं. कुषाणांच्या ‘राजांचा राजा’ आणि ‘सोटेर मेगास’ म्हणजे ‘थोर तारणारा’ एवढंच लिहिलेल्या तांब्याच्या नाण्यांवरही घोडेस्वार आहे. तिथे राजाचं नावच नसतं, आणि तीन दात्यांचं चिन्ह असतं. बाजारात ही तिन्ही नाणी एकाच डब्यात पडलेली असतात.

पायरी ४: खरोष्ठी बाजू

नाणं उलटा. इथे देव किंवा देवी उभी असेल. आता उजवीकडून डावीकडे. पहिला शब्द बहुधा ‘महरजस’. खरोष्ठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दाखवत नाहीत, म्हणून ‘महाराजस’ हा शब्द ‘महरजस’ असा कोरलेला दिसतो. मनात ‘आ’ घालून वाचा. पुढे ‘रजरजस’, ‘महतस’, आणि तळाशी ‘अयस’.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. बासिलेओन म्हणजे राजांचा, इकडे ‘रजरजस’. मेगालू म्हणजे थोर, इकडे ‘महतस’. अझू, इकडे ‘अयस’. ग्रीक भाषेत शकांच्या नावातला आवाज ‘झ’नं लिहिला गेला, गंधारच्या लेखनिकानं तोच ‘य’नं लिहिला. मूळ नाव या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे.

शब्दाच्या शेवटी येणारा ‘स’ बघा. तो संस्कृत ‘स्य’चा प्राकृत वारस: महाराजस्य, महाराजस. हा एकटा ‘स’ ओळखता आला की शब्द कुठे संपतो ते कळतं, कारण मधे जागा सोडलेली नसते. माझा सगळ्या नवख्यांना सल्ला: आधी फक्त ‘स’ शोधा. अक्षर ओळखायला सोपं आहे, वर गोलसर डोकं आणि खाली ओघळलेली शेपटी. मग तळाचं नाव घ्या. ‘अ’ वरून विळ्यासारखा वाकलेला, ‘य’ दोन पायांवर उभ्या तंबूसारखा खाली उघडा, आणि पुन्हा तोच ‘स’. तीन अक्षरं. मी दिवा तिरपा करून नाणं हळूहळू फिरवत होते. विळा दिसला, तंबू दिसला, आणि मग शेपटी. अ, य, स. दोन हजार वर्षांपूर्वी तक्षशिलेकडच्या कुणा कारागिरानं साच्यात उलटं कोरलेलं नाव मी माझ्या नाशिकच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुलटं वाचलं. तो क्षण तुम्हालाही मिळावा, म्हणून पाकिटावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका.

अझिलिसेसचं नाव इकडे ‘अयिलिषस’. माउएसच्या मोठ्या नाण्यांवर ‘रजतिरजस महतस मोअस’. ‘राजातिराज’, म्हणजे राजाधिराज. राजांचा राजा ही पदवी इराणी जगातली. पार्थियन सम्राट ती मिरवत. शकांनी ती ग्रीक भाषेत आणि प्राकृतात अशी दोन्हीकडे लिहून घेतली. इराणी कल्पना, ग्रीक शब्द, भारतीय शब्द, आणि हे सगळं अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या धातूच्या तुकड्यावर.

पायरी ५: चित्र ओळखा

या पायरीवर घाई करू नका, खरी देवाणघेवाण इथे दिसते.

आधी राजाचं चित्र. ग्रीक राजे नाण्यावर स्वतःचा मुखवटा देत, डोक्याला फीत बांधलेला. अझेसनं तसं केलं नाही. त्यानं स्वतःला घोड्यावर, चिलखत घातलेलं दाखवलं, हातात भाला किंवा चाबूक, पाठीशी धनुष्याचा भाता. कारागिरी ग्रीक घडणीची, पण राजा कसा दिसावा हे गवताळ प्रदेशातल्या माणसानं ठरवलेलं. काही तांब्याच्या नाण्यांवर अझेस मांडी घालून बसलेला आहे.

मागची बाजू. हातात विजयदेवी घेतलेला झेउस, ढाल घेतलेली अथेना, त्रिशूळवाला समुद्रदेव पोसायडन, हर्मिस, आर्टेमिस. समुद्रापासून एवढ्या दूर पोसायडन कशाला, असा प्रश्न पडेल. माउएसच्या आणि अझेसच्या तांब्याच्या नाण्यांवर तो एका आकृतीवर पाय देऊन उभा आहे, आणि उलट बाजूला वेलींच्या मधे उभी असलेली स्त्री आहे. पुष्कळांना ती यक्षी वाटते. स्तूपांच्या कठड्यांवर झाडाला धरून उभ्या असलेल्या यक्षींची आठवण यावी अशीच ती आहे.

आणि अझिलिसेसचं चांदीचं नाणं. कमळावर उभी असलेली देवी, दोन्ही बाजूंना हत्ती, सोंडा वर करून तिच्यावर पाणी ओतणारे. ही गजलक्ष्मी. आपल्याकडे दाराच्या चौकटीवर कोरतात, दिवाळीच्या पूजेच्या कागदावर छापतात, तीच. दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा शक राजा आणि ग्रीक मजकूर. मथुरेच्या शोडासनंही लक्ष्मी आणि हत्ती आपल्या नाण्यांवर घेतले.

एक सूचना. देवता ओळखताना ‘शकांनी ग्रीकांची नक्कल केली’ असं लिहून मोकळं होऊ नका. प्रत्येक राजानं काय घेतलं आणि काय टाकलं ते वहीत लिहा. मुखवटा टाकला, झेउस ठेवला, लक्ष्मी घेतली. निवड कुणाची होती हे त्यातून दिसतं.

नाण्याच्या रिकाम्या जागेत गुंतवून काढलेली अक्षरं किंवा सुटी खरोष्ठी अक्षरं दिसतील. ही मोनोग्रामं. त्यांतली काही आधीच्या इंडो-ग्रीक नाण्यांवरही आहेत, म्हणजे राजे बदलले तरी काम करणारे हात बरेचसे तेच असावेत. ‘हे चिन्ह म्हणजे तक्षशिलेची टांकसाळ’ असं कुणी खात्रीनं सांगितलं तर पुरावा विचारा.

पायरी ६: पदव्यांचा छोटा कोश बनवा

वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा. ग्रीक पदवी आणि तिचा प्राकृत जोड. यातल्या बऱ्याच जोड्या इंडो-ग्रीकांनी बसवल्या आणि शकांनी वापरल्या.

- सोटेर, म्हणजे तारणारा: ‘त्रतर’
- डिकाइओस, म्हणजे न्यायी: ‘ध्रमिक’, आपला धार्मिक
- अनिकेटोस, म्हणजे अजिंक्य: ‘अपडिहत’, अप्रतिहत
- निकेफोरोस, म्हणजे विजय आणणारा: ‘जयधर’

‘न्यायी’ या ग्रीक शब्दासाठी कुणीतरी ‘धर्म’ निवडला, याचा थोडा विचार करा. भाषांतर करणाऱ्याला दोन्ही भाषा नुसत्या येत नव्हत्या, दोन्हींत राजाकडून लोक काय अपेक्षा करतात हेही त्याला ठाऊक होतं.

दोन्ही बाजूंचा मजकूर सारखाच असतो हे मी वर म्हटलं, त्याला अपवाद आहेत, आणि तेच सगळ्यात मौल्यवान. वोनोनेसच्या नाण्यांवर ग्रीक बाजूला वोनोनेसचं नाव आहे, पण खरोष्ठी बाजूला ‘महाराजाचा भाऊ, धार्मिक स्पलहोर’ असं आहे. एका नाण्यावर दोन माणसं. 

दुसरं उदाहरण अस्पवर्माचं. त्याच्या नाण्यावर ग्रीक बाजूला अझेसचंच नाव येतं, बहुधा बिघडलेल्या अक्षरांत. खरोष्ठी बाजूला मात्र: ‘इंद्रवर्माचा मुलगा, विजयी स्त्रतेग अस्पवर्मा याचं’. स्त्रतेग हा ग्रीक स्ट्राटेगोस, सेनापती. ग्रीक हुद्दा, प्राकृताचा प्रत्यय लावून, खरोष्ठीत. वडिलांचं नाव इंद्रावरून. मला एकच शक नाणं ठेवायची मुभा दिली तर मी अझेसचं चांदीचं मोठं नाणं देऊन टाकीन आणि अस्पवर्माचं काळवंडलेलं नाणं ठेवीन.

पायरी ७: जवळचे शक

गंधारची नाणी महाग वाटली किंवा त्यांच्या उगमाची खात्री पटली नाही, तर पश्चिमी क्षत्रपांपासून सुरुवात करा. छोटी चांदीची नाणी, दीड सेंटिमीटरच्या आसपास, दोन ग्रॅमच्या थोडं वर-खाली. क्षत्रप हा शब्दही इराणी, ‘राज्याचा रक्षक’.

नहपानाच्या नाण्यावर पुढे त्याचा मुखवटा, मागे बाण आणि वज्र. एकाच नाण्यावर तीन लिप्या: ग्रीक, खरोष्ठी, ब्राह्मी. आणि इथे एक बदल झालेला आहे. अझेसच्या नाण्यावर ग्रीक बाजूची भाषाही ग्रीक होती. नहपानाच्या नाण्यावर अक्षरं ग्रीक आहेत, पण शब्द प्राकृत: ‘रञ्ञो क्षहरातस नहपानस’ हेच ग्रीक अक्षरांत उतरवलेलं. ग्रीक भाषा जाणणारं फारसं कुणी उरलं नव्हतं, तरी नाण्यावर ती अक्षरं असली पाहिजेत असं वाटत होतं. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तीही नुसती नक्षी होऊन जातात. ती वाचायचा प्रयत्न करू नका, मी आठवडा घालवला होता.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा आपला ठसा मारलेला आहे: एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. पराभूत राजाचा चेहरा पूर्ण न पुसता त्यावर जेत्याची खूण. असं नाणं हातात आलं तर दोन थर वेगळे करून वाचा. आधी सातकर्णीचा, मग त्याच्या खाली डोकावणारा नहपानाचा कान, नाक, अक्षरं.

नाशिकला आलात तर पांडवलेण्यांतलं १० नंबरचं लेणं बघा. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख तिथे आहेत. त्यानं ३००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेव म्हणून ठेवली, २००० दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० शेकडा पाऊण व्याजानं, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर गरजांचा खर्च भागावा. त्याच लेण्यात ३५ कार्षापणांना एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) असा दरही दिला आहे. ब्राह्मणांना दिलेली दानं, पुष्करला केलेलं स्नान, तेही तिथे आहे. नाण्यांचा संग्रह करणाऱ्यानं ते नाणं कुठे आणि कशासाठी फिरत होतं हे एकदा भिंतीवर वाचावं.

नंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांचा नवख्याला मोठा फायदा: ब्राह्मीत राजाचं आणि त्याच्या वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात, आणि पुष्कळ नाण्यांवर मुखवट्याच्या मागे वर्षही असतं, शक संवतातलं. त्यात ७८ मिळवा. पंचांगातला शके तोच. फक्त आकडे आजच्यासारखे नाहीत: शंभर, दहा आणि एकं यांची वेगळी चिन्हं असतात, त्यांचा तक्ता लावा. वर्षाची चिन्हं नाण्याच्या कडेला असल्यानं अर्धी कापली गेलेली असतात. शतकाचं चिन्ह दिसत नसेल तर वर्ष लिहू नका, राजाच्या नावावरून काळ ठरवा.

पायरी ८: खोटं ओळखणं

मी ठकले आहे, म्हणून सविस्तर सांगते. एका प्रदर्शनात मी माउएसचं म्हणून नाणं घेतलं. घरी भिंगाखाली ठेवलं तर अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि कडेवर कानशीनं घासलेली बारीक रेघ. ते ओतलेलं होतं. खरं नाणं साच्याच्या ठोक्यानं घडतं, त्यामुळे अक्षरांची कड पायाशी तीक्ष्ण राहते आणि धातू कडेकडे ओढलेला दिसतो. मी या सगळ्या खुणा आधी पुस्तकात वाचल्या होत्या. पण दुकानात दिव्याखाली, मागे माणसं उभी असताना, भिंग काढायला मी लाजले. लाजू नका. भिंग आणि काटा पिशवीतून काढा, आणि विक्रेता त्रासला तर नाणं परत ठेवा.

एकाच वेळी दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर अगदी सारखी झीज आणि सारखा ओरखडा दिसला तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत. सोन्याचा अझेस दाखवला तर हात मागे घ्या. साच्यानं ठोकलेली चांगली नकली नाणीही असतात, ती नवख्याला ओळखता येत नाहीत; तिथे जाणकाराला दाखवण्यावाचून उपाय नाही.

पायरी ९: कायदा आणि कागद

यात आळस करू नका.

- १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू. संग्रह ठेवायला बंदी नाही, पण पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. विक्रेत्याकडे तो आहे का ते विचारा.
- भारताबाहेर नेणं खासगी माणसाला मना आहे. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनही नको, टपालानंही नको.
- शेतात, पायाच्या खोदकामात गाडलेली नाणी सापडली तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. असा साठा वाटून घेतला तर कायदा मोडतोच, शिवाय कुठलं नाणं कुठल्या नाण्यासोबत पुरलं होतं ही माहिती कायमची जाते.
- परदेशात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा: गंधारची बहुतेक नाणी आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानातली आहेत, आणि पाकिस्तानचाही १९७५चा पुरावस्तू कायदा आहे. नाणं आधी कुणाच्या संग्रहात होतं, कोणत्या लिलावात आलं, याचा कागद नसेल तर घेऊ नका.

जवळ ठेवायचे कागद: पूर्ण वर्णनासह बिल, विक्रेत्याच्या परवान्याचा क्रमांक, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, आधीच्या मालकीची माहिती.

विकत न घेताही शिकता येतं. मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्राची संशोधन संस्था, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय. जाण्याआधी वेळा विचारून घ्या आणि वही बरोबर न्या.

पायरी १०: साफ करू नका, नोंद करा

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, चांदी उजळायचं पाणी: काहीही नको. मी माझ्या दुसऱ्या नाण्याला चिंच लावली. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर गेला, आणि त्या थरानं उचलून धरलेली खरोष्ठी अक्षरंही गेली. आता ते नाणं चकचकीत आहे आणि मुकं आहे. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ कुंचल्यानं, तेवढंच. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, त्यांतून हिरवट चिकट थर नाण्यावर चढतो.

प्रत्येक नाण्याची नोंद त्याच दिवशी करा. माझ्या पहिल्या नाण्याची अशी आहे:

चांदी, कस कमी. गोल. ९.४ ग्रॅम. पुढे: उजवीकडे तोंड करून घोडेस्वार राजा, हातात चाबूक. ग्रीक: बासिलेओस बासिलेओन मेगालू अझू, शेवटची दोन अक्षरं कडेला कापलेली. मागे: विजयदेवी हातावर घेतलेला झेउस, डावीकडे तोंड. खरोष्ठी: महरजस रजरजस महतस अयस, ‘महतस’मधला ‘ह’ झिजलेला. पाकिटावर: ‘इंडो-ग्रीक’, चुकीचं. वाचलं: मी. शंका: झेउसच्या डाव्या हाताचं मोनोग्राम.